अंगणातला ट्रॅक्टर आणि ग्वाल्हेरचे दव

वाचकाचे पत्र, थोडक्यात : ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागात राहणारे, नुकतेच निवृत्त झालेले एक वाचक लिहितात की, त्याच जिल्ह्यातल्या डबऱ्याजवळ त्यांची वडिलोपार्जित शेती असून ती आता बटाईने दिलेली आहे. आठ वर्षांपूर्वी वडिलांनी घेतलेला ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर गावच्या घराच्या उघड्या अंगणात असतो. गव्हाची पेरणी उरकली की फेब्रुवारी संपेपर्यंत त्याला फारसे काम नसते. गेल्या जानेवारीत तीन वेळा असे घडले की, पहाटे सेल्फ मारल्यावर इंजिन दोनएक मिनिटे चालून बंद पडले आणि दुपारचे ऊन तापल्यावर काही न करता चालू झाले. त्याच महिन्यात रेडिएटरही गळू लागला. कॅनडात स्थायिक झालेले थोरले बंधू सांगतात की, इंजिन गोठते आहे. सव्वा लाख खर्चून चारही बाजूंनी बंद शेड बांधावी आणि ब्लॉक हीटर ते येताना घेऊन येतील. बटाईदार काकांच्या मते इंजिनखाली चार कंडे, म्हणजे शेणाच्या गोवऱ्या, पेटवल्या की काम होते. वाचकांनी स्वतः जाड तिरपाल (ताडपत्री) आणून ठेवली आहे. ती चाकांपर्यंत आवळून बांधावी आणि थेट फेब्रुवारीत सोडावी असा त्यांचा विचार आहे. भाताच्या चिखलणीसाठी जूनमध्ये आणलेले डिझेल ड्रममध्ये उरते, तेच हिवाळ्यात वापरले जाते, असाही पत्रात ओझरता उल्लेख आहे. दादांना नाही म्हणणे जड जाते आणि काकांना दुखवायचे नाही. अशा वेळी काय करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

आपण, आपले दादा आणि काका या तिघांचे उपाय एकमेकांपासून फार दूरचे असले, तरी तिघांनी आरोपी एकच धरला आहे आणि तो म्हणजे थंडी. दादांना तिला भिंतींनी अडवायचे आहे, काकांना धगीने पळवायचे आहे आणि आपल्याला ट्रॅक्टर तिच्यापासून गुंडाळून ठेवायचा आहे. मला मात्र पत्र दोनदा वाचूनही हा आरोप ग्वाल्हेरपुरता सिद्ध झालेला दिसला नाही.

दादांचे म्हणणे त्यांच्या गावी अगदी खरे आहे. पाणी शून्य अंशाला गोठते आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. रेडिएटरच्या नळ्यांत किंवा इंजिनच्या ओतीव लोखंडाच्या ब्लॉकमध्ये त्या फुगवट्याला जागा मिळाली नाही, तर लोखंड तडकते आणि तो तडा दुरुस्त करण्यापेक्षा दुसरे इंजिन बसवणे स्वस्त पडावे अशी पाळी येते. जेथे पारा उणे पंचवीस-तीसवर आठवडेच्या आठवडे मुक्काम करतो, तेथे विजेच्या हीटरने इंजिन रात्रभर ऊबदार ठेवणे ही चैन नसून गरज असते. आपल्याकडे जानेवारीतल्या काही पहाटे पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो, धुके दहा-अकरापर्यंत हटत नाही आणि हाडे गारठतात, हे सगळे मान्य. पण सूर्य उगवला की पारा पुन्हा चढू लागतो आणि दीड-दोन क्विंटलांहून जड असलेला इंजिनचा लोखंडी गोळा तेवढ्या वेळात गोठणबिंदूपर्यंत पोचत नाही. म्हणून ब्लॉक हीटरचा विचार सोडून द्यावा, असे मला वाटते. त्यातही दादा तो कॅनडातून आणणार असतील, तर त्यांना आजच कळवा, कारण तिकडची घरगुती वीज १२० व्होल्टची आणि आपली २३० व्होल्टची असते; तिकडचा हीटर आपल्या प्लगमध्ये घातला, तर तो ठरलेल्या शक्तीच्या साडेतीनपटीहून अधिक वीज ओढेल आणि जळून जाईल, किंवा त्याहून वाईट काही करील.

मग गेल्या जानेवारीत काय झाले? आपण दिलेली खूण फार बोलकी आहे. इंजिन मुळात चालूच झाले नसते, तर मी आधी बॅटरीकडे बोट दाखवले असते. आपले इंजिन चालू होत होते, दोन मिनिटे चालत होते, मग बंद पडत होते आणि ऊन तापल्यावर आपोआप सुधारत होते. फिल्टरमध्ये पाणी साचले असते, तर ते दुपारच्या उन्हाने नाहीसे झाले नसते. माझा संशय म्हणून त्या ड्रमवर आहे, ज्याचा आपण जाता जाता उल्लेख केला आहे.

डिझेलमध्ये मेणासारखा एक अंश विरघळलेला असतो. डिझेल गार होत गेले की, तो बारीक कणांच्या रूपाने वेगळा होऊ लागतो, डिझेल गढूळ दिसते आणि मग हे कण फिल्टरच्या कागदावर साय धरावी तसे बसतात. पाइपात आणि पंपात आधीपासून असलेल्या डिझेलवर इंजिन मिनिट-दोन मिनिटे चालते आणि फिल्टरमधून नवे येईनासे झाले की थांबते. ऊन लागले की मेण पुन्हा विरघळते आणि जणू काही घडलेच नव्हते. भारतीय मानक आयएस १४६० मध्ये थंडीने फिल्टर तुंबण्याचे तापमान ऋतूनुसार वेगळे ठरवलेले आहे : नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातल्या डिझेलसाठी ते जास्तीत जास्त ६ अंश आणि एरवीच्या डिझेलसाठी जास्तीत जास्त १८ अंश. याचा अर्थ असा, की जूनमध्ये पंपावरून आणलेले डिझेल १८ अंशांना फिल्टर तुंबवू लागले तरी ते नियमात बसते आणि तेच डिझेल आपण जानेवारीच्या पहाटे टाकीत ओतता. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास डिझेल आणले, ते याच अडचणीमुळे. आपल्याला इतके काही नको. जूनचे डिझेल चिखलणीतच संपवा आणि पेरणीनंतर टाकी हिवाळ्यात पंपावरून आणलेल्या ताज्या डिझेलने भरा, एवढे पुरे.

माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा पारख करून पाहा. काचेची स्वच्छ, पांढरी बाटली घ्या, ड्रमच्या तळाजवळचे डिझेल तीत भरा, झाकण घट्ट लावा आणि ती आज रात्री गच्चीवर ठेवा. उजाडता उजाडता ती आकाशाकडे धरून बघा. सगळे डिझेल ताक पातळ केल्यासारखे धुरकट दिसले आणि बाटली ऊबेत ठेवल्यावर स्वच्छ झाले, तर मेण हेच कारण. तळाशी वेगळा, चकचकणारा थेंब लोळताना दिसला, तर ते पाणी आहे, कारण डिझेल पाण्याहून हलके असल्याने पाणी नेहमी तळ गाठते. दोन्ही दिसले तर दोन्ही कारणे आहेत आणि ड्रममध्ये उरलेल्या डिझेलची कीव करू नये. ते मार्च उजाडेपर्यंत ठेवा, वरचे स्वच्छ डिझेल गाळून वापरा आणि तळाचे दोन-तीन लिटर टाकून द्या. थंडीत डिझेल पातळ राहावे म्हणून त्यात पेट्रोल किंवा रॉकेल मिसळण्याचा सल्ला कोणीतरी देईलच; तो ऐकू नका, कारण पेट्रोलने आग लागण्याचा धोका वाढतो आणि दोन्हींमुळे डिझेलचा वंगणपणा घटून इंजेक्शन पंप झिजतो.

बॅटरीचा वाटा यात नाहीच, असेही नाही. शून्याच्या आसपास शिसे-आम्लाच्या बॅटरीची सेल्फ फिरवण्याची ताकद उन्हाळ्याच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी होते आणि त्याच वेळी घट्ट झालेले ऑइल इंजिनला जड करते, म्हणजे देणारा अशक्त होतो आणि मागणाऱ्याची मागणी वाढते. पेरणीनंतर बॅटरी काढून लष्कर भागातल्या घरी आणणे हा सर्वांत सोपा उपाय, आणि त्याने चोरीची काळजीही मिटते. काढताना आधी ऋण तार सोडावी आणि लावताना तीच शेवटी लावावी. मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.४ च्या खाली गेली तर चार्ज करावी. महिन्यातून एकदा बघितले तरी चालते. चार्जिंग मोकळ्या हवेत करावे, कारण त्या वेळी हायड्रोजन वायू निघतो. सिमेंटच्या फरशीवर ठेवलेली बॅटरी उतरते, ही समजूत जुन्या काळच्या लाकडी आणि रबरी डब्यांच्या बॅटऱ्यांबरोबर जायला हवी होती. हल्लीच्या प्लास्टिकच्या बॅटरीला फरशीने काही होत नाही.

आता तिरपालीकडे येतो, कारण ती आपण विकत घेतलेली आहे आणि विकत घेतलेल्या वस्तूविरुद्धचा सल्ला कोणालाच आवडत नाही.

निरभ्र रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता आकाशाकडे सोडत असते आणि पातळ पत्र्यासारख्या वस्तू तर आसपासच्या हवेपेक्षाही थंड होतात. हवा तीन-चार अंशांवर असताना वाटाण्यावर आणि बटाट्यावर पाला, म्हणजे गोठलेले दव, पडतो तो यामुळेच. तुमच्या ट्रॅक्टरचे बॉनेट, मडगार्ड आणि डिझेलची टाकी रात्रभर हेच करत असतात आणि त्या गार पत्र्यावर हवेतली वाफ दव होऊन बसते. डिसेंबरच्या सकाळी सात वाजता बॉनेटवरून बोट फिरवून पाहा. रेघ उमटते आणि पाणी हेडलाइटच्या कडेने ओघळून वायरिंगच्या जोडापाशी थबकते. हे रोज, साठ-सत्तर सकाळी होते. अर्ध्या रिकाम्या टाकीत तर ते आतून होते, टाकीच्या भिंतींवर थेंब धरतात आणि घरंगळून डिझेलखाली साचतात, म्हणूनच टाकी काठोकाठ भरून ठेवावी असे सांगतात. आपल्याकडचा गुन्हेगार हा आहे. थंडी फार तर त्याची मदतनीस म्हणावी.

तिरपाल आवळून चाकांपर्यंत बांधली की काय होते? ओलिताच्या गावातले मातीचे अंगण, तेही भाताच्या पट्ट्यातले, हिवाळाभर ओल सोडत असते. ती वाफ तिरपालीच्या आत अडकते, दिवसा उन्हाने आतली हवा तापली की मातीतून आणखी वाफ निघते आणि रात्री तिरपालीच्या आतल्या बाजूवर थेंब धरून ती ट्रॅक्टरवरच गळते. बाहेरून आपल्याला वाटते की, ट्रॅक्टर सुखरूप झाकलेला आहे, आणि आत मात्र त्याला रोज दोनदा अंघोळ घातली जाते. वारा सुटला की तिरपालीच्या कडा रंग घासतात. शिवाय अंधारी, ऊबदार, निवाऱ्याची जागा मिळाल्यावर उंदीर यायचे थांबत नाहीत, विशेषतः अंगणात जवळच भाताच्या पेंढ्याची गंजी असेल तर. उंदीर वायरींचे आवरण कुरतडतात आणि एअर क्लीनरच्या नळीत घरटे करतात. माझ्या वडिलांच्या ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरमधून एका मार्चमध्ये आम्ही मूठभर भाताची तुसे, एक सुतळी आणि कोणाच्या तरी लग्नपत्रिकेचा अर्धा कागद काढला होता. तो ट्रॅक्टर असाच प्रेमाने, आवळून, गुंडाळून ठेवलेला होता.

मात्र तीच तिरपाल वर ताणली, तर ती कामाची आहे. दव टाळण्यासाठी ट्रॅक्टरला आकाश दिसू न देणे एवढेच पुरते. आंब्याखाली लावलेली सायकल सकाळी कोरडी आणि अंगणातली चिंब असते, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. चार बांबू किंवा लोखंडी पाइप रोवून, सायलेन्सरच्या टोकापेक्षा हातभर उंच, एका बाजूला चांगला उतार देऊन तिरपाल बांधा. ट्रॅक्टर साधारण साडेतीन मीटर लांब आणि पावणेदोन-दोन मीटर रुंद असतो. छप्पर त्याच्या चारी बाजूंनी दोन-अडीच फूट तरी पुढे यायला हवे. मावठ्याचा, म्हणजे हिवाळ्यातला, पाऊस आणि वायव्येचा बोचरा वारा अडवण्यासाठी त्या एका अंगाला आडोसा करा, तोही जमिनीपासून फूटभर वर ठेवून. बाकीच्या बाजू मोकळ्या राहू द्या. चाकांखाली विटांचा थर किंवा जुन्या फळ्या असाव्यात. पेंढ्याची गंजी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला हलवावी, कारण उंदीर आणि आग हे दोन्ही तिच्यातूनच येतात.

आणि येथे मला दादांच्या बाजूने बोलायचे आहे. पक्के छप्पर बांधावे, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे, फक्त त्यांनी दिलेले कारण बरोबर नाही. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि टायरांचे रबर, नळ्या, ऑइल सील, सीटचे रेग्झिन यांचे जितके नुकसान ते ऊन करते, तितके जानेवारी करू शकत नाही. त्यानंतर पावसाळा असतोच. तेव्हा छप्पर बाराही महिने उपयोगी पडेल. ते चार खांबांवर, पत्र्याचे आणि उघडे असले, तर सव्वा लाखापेक्षा बऱ्याच कमी खर्चात होईल आणि भिंती व शटर यांच्या खर्चाबरोबरच त्यांच्या आत कोंडणारी ओलही टळेल. पत्र्याच्या आतल्या बाजूनेही थंड पहाटे थेंब गळतात. तेवढ्यासाठी पत्र्याखाली बांबूची चटई ठोकून घ्यावी. या हिवाळ्यात तिरपालीचा मांडव आणि पुढच्या उन्हाळ्याआधी पत्रा, असा क्रम ठेवला तर कोणाचेच म्हणणे वाया जात नाही. अर्थात चोरीचे भय आपल्या गावात मोठे असेल, तर बंद शेडचा विचार करायला हरकत नाही. पण मग तो निर्णय चोरीसाठी घेतला आहे, हे स्वतःशी स्पष्ट असू द्या आणि भिंतींना वर-खाली हवेच्या जाळ्या ठेवा.

रेडिएटरचे गळणे हा वेगळा विषय आहे आणि तो बहुधा विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यापासून सुरू झालेला आहे. आपल्या भागातले पाणी क्षारांचे. ते नळ्यांत थर धरते, गंज चढतो आणि गळती थंडीत लक्षात येते एवढेच. गळती झाळून घ्या, आतून सफाई करून घ्या आणि पुढे वर्षभर कूलंटच घाला. बाजारात मिसळलेले तयार कूलंट मिळते. घट्ट मिळाले तर ते शुद्ध, म्हणजे बॅटरीत घालतो तशा पाण्यात, ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात मिसळा. निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही, तेव्हा दादांची काळजीही त्यातच मिटते. नुसते घट्ट कूलंट घालून जास्त संरक्षण मिळेल असे समजू नये; ते निर्भेळ असताना उलट उणे १३ अंशांच्या सुमारास गोठू लागते. एक इशारा महत्त्वाचा : इथिलीन ग्लायकॉलचे कूलंट चवीला गोडसर आणि विषारी असते. काढलेले कूलंट अंगणात ओतू नका. कुत्री आणि वासरे ते चाटतात.

रोज रात्री पाणी काढून टाकण्याची पद्धत काही जुन्या घरांत अजून आहे. तिने आतला ओला पत्रा हवेशी भिडून गंजतो, म्हणून तीही सोडावी.

ट्रॅक्टर उभा करण्याआधीची कामे एका दुपारची आहेत. पेरणीचे यंत्र सर्वांत आधी हाताळा, कारण डीएपी आणि युरिया या खतांचे उरलेले दाणे हवेतली ओल ओढून घेतात आणि पत्र्याला असा गंज चढवतात की, पुढच्या नोव्हेंबरमध्ये नळ्या ठोकून मोकळ्या कराव्या लागतात. पेटी पूर्ण रिकामी करून, धुऊन, उन्हात वाळवून मगच तेल लावा. ट्रॅक्टरही धुवा, पण धुतल्यावर तासभर कामावर चालवून आतून-बाहेरून कोरडा करा. जुने इंजिन ऑइल हिवाळाभर आत ठेवू नये. वापरलेल्या ऑइलमधली आम्ले आणि ओल बेअरिंगांना लागते, म्हणून बदल फेब्रुवारीत करायचाच असेल तर तो आत्ताच करा. प्रत्येक निपलला ग्रीस भरा. लिफ्टचे हात खाली सोडा, म्हणजे हायड्रॉलिकवर दाब राहणार नाही. क्लचचे पेडल दाबून त्याच्याखाली लाकडाचा ठोकळा अडकवा. महिनाभर न दाबलेल्या क्लचची प्लेट ओलीने फ्लायव्हीलला चिकटते आणि मग गिअर पडत नाही. हँडब्रेक ओढून ठेवू नका, चाकांना दगड लावा. टायरांत पुस्तिकेप्रमाणे हवा भरा. मागच्या टायरांत वजनासाठी पाणी भरलेले असले तर ते राहू द्या, आपल्याकडे ते गोठत नाही.

दर रविवारी पाच मिनिटे चालू करून बंद करण्याची सवय अनेकांना असते आणि ती मोठ्या आस्थेने पाळली जाते. मला ती उपकारक वाटत नाही. इंजिन जाळलेल्या डिझेलमधून पाण्याची वाफ निर्माण करते. पाच मिनिटांत इंजिन पुरते तापत नाही आणि ती वाफ सायलेन्सरमध्ये व ऑइलमध्ये पाणी होऊन राहते. चालवायचाच असेल तर पंधरा दिवसांनी, ऊन वर आल्यावर, ट्रॉली जोडून किंवा कल्टिव्हेटर लावून अर्धा-पाऊण तास कामावर चालवा. नाहीतर शांत उभा राहू द्या.

थंड सकाळी चालू करावाच लागला, तर किल्ली हीटरच्या खुणेवर पुस्तिकेत सांगितले आहे तितका वेळ धरा, क्लच पूर्ण दाबा, दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि दोन प्रयत्नांमध्ये मिनिटभर थांबा. तीन-चार प्रयत्नांत दाद दिली नाही, तर दहा वाजेपर्यंत चहा घ्या. घाई असलीच तर डिझेल फिल्टरवर जाड फडके गुंडाळून त्यावर कोमट पाणी ओतावे. उकळते नको, काचेची वाटी असेल तर ती तडकते.

राहता राहिले काकांचे कंडे. इंजिनखाली पेटवलेल्या विस्तवाने ऑइल पातळ होते, यात खोटे काही नाही, आणि त्यांनी तो उपाय अनुभवातून काढलेला आहे. पण आठ वर्षांच्या ट्रॅक्टरच्या ऑइल चेंबरवर ऑइलचा आणि धुळीचा थर असतो, डिझेलचे पाइप शेजारून जातात आणि वायरिंग तर प्लास्टिकचीच. एक थेंब चुकीच्या जागी पडला की ट्रॅक्टरबरोबर घराचा ओटाही जाईल. एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरणे तर त्याहून धोक्याचे. हे काकांना सांगताना ‘असे करू नका’ या वाक्याने सुरुवात करू नये. बाटलीची पारख त्यांच्यासमोर, त्यांच्याच हातून करा. सकाळी गढूळ झालेले डिझेल त्यांनी स्वतः पाहिले की, कंड्यांचा विषय आपल्याला काढावाही लागणार नाही, असा माझा अंदाज आहे.

कारण आपल्या पत्रात न लिहिलेला खरा प्रश्न मला हा दिसतो, की तीन महिने त्या ट्रॅक्टरकडे बघायचे कोणी. दादा कॅनडात आहेत, आपण लष्कर भागात आणि ट्रॅक्टर डबऱ्याजवळ. आवळून बांधलेली तिरपाल किंवा कुलूप लावलेली शेड, दोन्हींचे आकर्षण बरेचसे यात आहे की, मग कोणालाच तिकडे जावे लागत नाही. उघड्यावर ठेवलेल्या यंत्राला मात्र कोणाची तरी नजर असावी लागतेच. ती नजर रोज तिथे असणाऱ्या काकांची आहे. बटाईच्या हिशेबात तिचे मोल धरा, पंधरवड्याच्या फेरीचे काही ठरवून द्या आणि त्यांना उंदीर, गळती, चाकांखालची ओल एवढेच बघायला सांगा. आपण स्वतः महिन्यातून एकदा जा. दादांना नकार कळवण्याची गरजच नाही : छप्पर बांधायचे ठरले आहे, भिंती नकोत, हीटर नको आणि पत्र्याच्या खर्चात त्यांचा वाटा हवा आहे, एवढे कळवा. थोरल्या भावाला आपला सल्ला मानला गेल्याचा आनंद होईल आणि ते खोटेही नाही.

शेवटी सायलेन्सर. उभ्या सायलेन्सरच्या तोंडातून मावठ्याचे पाणी थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हपर्यंत जाते, म्हणून त्यावर रिकामा तुपाचा डबा पालथा घाला. आणि चालू करण्याआधी तो काढायचा आहे, क्लचखालचा ठोकळा काढायचा आहे आणि चाकांचे दगड काढायचे आहेत, हे एका पुठ्ठ्यावर लिहून तो पुठ्ठा किल्लीला बांधा. आमच्या वडिलांनी तो डबा दोनदा उडवला होता. दुसऱ्यांदा तो शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांत जाऊन पडला.